एसएसआय-४ : तोतरेपणा मोजणारी फूटपट्टी मराठी मुलांना कितपत लागू पडते?

‘मॅडम, किती आहे हो याचं?’ हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी विचारला जातो. रक्तातील साखर सांगावी तसा तोतरेपणाचाही एक आकडा मिळावा, ही पालकांची अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही, आणि असा आकडा देणारे एक साधन गेल्या पन्नासहून अधिक वर्षांपासून उपलब्धही आहे. ‘स्टटरिंग सिव्हिअरिटी इन्स्ट्रुमेंट’ हे त्याचे नाव, आणि वाचा-उपचाराच्या क्षेत्रात सगळे त्याला एसएसआय म्हणतात. ग्लिन्डन रायली या अमेरिकन तज्ज्ञांनी ते १९७२ मध्ये प्रथम मांडले, तिसरी आवृत्ती १९९४ मध्ये आली आणि आज वापरात असलेली चौथी आवृत्ती २००९ मध्ये प्रो-एड या प्रकाशनसंस्थेने काढली. मी सांगलीत लहान मुलांच्या वाचादोषांवर काम करते आणि हे साधन माझ्या टेबलावर बरीच वर्षे आहे. ते विकत घ्यावे की नाही या विचारात असलेल्या तरुण सहकाऱ्यांसाठी, तसेच अहवालातला ‘मध्यम’ हा शब्द वाचून रात्रभर जागणाऱ्या पालकांसाठी हे परीक्षण लिहीत आहे.

आधी साधनाची रचना सांगते, कारण त्याचे गुण आणि त्याच्या मर्यादा दोन्ही तिच्यातच आहेत. मूल दोन वर्षे दहा महिन्यांचे झाल्यापासून थेट प्रौढांपर्यंत हे साधन वापरता येते. त्यात तीन गोष्टींना गुण दिले जातात. पहिली, बोलण्यातल्या दर शंभर सिलॅबलमागे (म्हणजे उच्चारातल्या ठोक्यांमागे) किती वेळा तोतरेपणा झाला. दुसरी, सर्वांत लांबलेल्या तीन अडखळींची सरासरी लांबी, तीही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत मोजलेली. तिसरी, बोलताना होणारी शारीरिक ओढाताण. यात श्वासाचे किंवा जिभेचे विचित्र आवाज, चेहऱ्याचे आवळणे, मानेच्या हालचाली आणि हातापायांच्या हालचाली असे चार भाग येतात आणि प्रत्येकाला शून्य ते पाच गुण असतात. या सगळ्यांची बेरीज जास्तीत जास्त ५६ होते. शाळेत जाण्याआधीची मुले, शाळकरी मुले आणि प्रौढ यांच्यासाठी वेगवेगळे तक्ते आहेत, आणि त्यांवरून अतिसौम्य, सौम्य, मध्यम, तीव्र व अतितीव्र यांपैकी एक श्रेणी ठरते. बोलणे कानाला किती स्वाभाविक वाटते याचीही नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी दिलेली आहे, मात्र तिचे गुण बेरजेत धरले जात नाहीत.

ही रचना मला मनापासून आवडते, कारण ती ऐकणाऱ्याला शिस्त लावते. ‘जरा जास्तच अडखळतो’ आणि ‘तेवढं काही नाही हो, त्याचे काकाही असेच बोलायचे’ ही एकाच घरातली, एकाच मुलाबद्दलची दोन मते मी अनेकदा ऐकली आहेत. हातात स्टॉपवॉच आणि कागदावर ठिपके-रेघा आल्या की ही मते बाजूला राहतात आणि प्रत्यक्ष ऐकू आलेले बोलणे समोर येते. सोबत मोजणीसाठी संगणकाचा कार्यक्रमही मिळतो, पण मला अजून पेन्सिलच बरी वाटते. सुरळीत सिलॅबलला ठिपका आणि अडखळलेल्या सिलॅबलला रेघ. तीनशे खुणा झाल्या की पान भरते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. मिरजेहून चार वर्षे दोन महिन्यांचा एक मुलगा आजीसोबत आला होता. आजींनी बसल्याबसल्याच सांगून टाकले, ‘लहानपणी वेखंड उगाळून लावलं, मध चाटवला, तरी जीभ जडच राहिली बघा. आरती म्हणताना मात्र कुठं अडत नाही.’ आजींचे निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष तेवढा चुकला होता. गाताना किंवा इतरांच्या सुरात सूर मिसळून म्हणताना तोतरेपणा बहुधा नाहीसा होतो, हे सर्वज्ञात आहे, आणि जीभ खरोखरच जड असती तर ती आरतीतही जडच राहिली असती. मी त्या मुलाला गणपतीच्या दिवसांत घरी काय काय केले ते सांगायला लावले. तो रंगून सांगू लागला आणि ‘बाप्पा’ या शब्दाशी पोहोचला की दर वेळी त्याचे ओठ मिटून घट्ट आवळले जात, आवाज बंद पडे आणि सेकंदभराने शब्द फुटल्यासारखा बाहेर येई. ‘मोदक’ म्हणताना ‘म-म-म-मोदक’ असे होई, पण तिथे ओठांवर ताण नव्हता.

घरी जाऊन मी ध्वनिमुद्रण ऐकले, सगळे बोलणे देवनागरीत उतरवून काढले आणि अक्षरे मोजली. चारशे अक्षरांत बारा अडखळी, म्हणजे तीन टक्के. न वाचणाऱ्या मुलांच्या तक्त्यात याला आठ गुण आहेत. सर्वांत लांब तीन अडखळी दीड, सव्वा आणि जवळपास एक सेकंदाच्या होत्या, त्यांच्या सरासरीचे सहा गुण. ओठ आवळण्याचे दोन. एकूण सोळा, श्रेणी सौम्य. आणि इथेच माझी चूक झाली होती.

साधन मोजायला सांगते ते सिलॅबल, म्हणजे उच्चारात एका झटक्यात येणारा ध्वनिसमूह. देवनागरीतले लिहिलेले अक्षर म्हणजे तो नव्हे. आपण ‘घरात’ तीन अक्षरांत लिहितो, पण बोलताना ते ‘घ’ आणि ‘रात्’ असे दोनच ठोके असतात. ‘बसलो’ लिहिताना तीन, बोलताना ‘बस्’ आणि ‘लो’ असे दोन. ‘मी घरात बसलो’ हे वाक्य कागदावर सात अक्षरांचे आहे आणि तोंडात पाच सिलॅबलचे. ज्यांनी शाळेत वृत्ताचे गण पाडले आहेत त्यांचा हात इथे हमखास चुकतो, कारण पद्यात ‘घरात’ची तीन अक्षरे खरोखरच तीन धरली जातात, माझाही हात त्याच सवयीने चुकला. दुसऱ्या दिवशी मी कागद बाजूला ठेवून फक्त कानाने मोजले तेव्हा त्याच बोलण्यात तीनशे सिलॅबल भरले. बारा अडखळी आता चार टक्के झाल्या, आठ गुणांचे दहा झाले, बेरीज अठरावर गेली आणि शाळेपूर्वीच्या मुलांच्या तक्त्यात सतरापासून सुरू होणाऱ्या ‘मध्यम’ श्रेणीत मुलगा जाऊन बसला. मुलगा तोच होता, गणपतीची गोष्ट तीच होती, फक्त मोजणारीने अक्षर कशाला म्हणायचे ते बदलले होते. ‘म-म-म-मोदक’ मोजताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. पुन्हा पुन्हा आलेला ‘म’ सिलॅबलच्या संख्येत धरायचा नसतो. शब्द दोन सिलॅबलचा आहे, तो दोनच राहतो आणि अडखळ एक.

हा दोष साधनाचा नाही. ते इंग्रजीसाठी घडवले गेले आहे आणि तसा त्याचा दावाही आहे. पण मराठीत वापरताना मोजणीचे नियम आपल्यालाच आधी लिहून काढावे लागतात. एकाच दवाखान्यातल्या दोन थेरपिस्टांनी एकच नमुना वेगवेगळा मोजला, तर तीन महिन्यांनी ‘सुधारणा झाली’ असे म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. आमच्याकडे आता भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यात शब्दाच्या शेवटचा आणि मधला न उच्चारला जाणारा ‘अ’ मोजायचा नाही, हा पहिला नियम आहे.

दुसरा नियम आपल्या भाषेच्या एका लकबीबद्दल आहे. मराठी मूल शब्द दोनदा उच्चारते ते पुष्कळदा जाणूनबुजून. ‘हळूहळू’, ‘गरगर’, ‘बघता बघता’, ‘लाल लाल फुगा’ किंवा लक्ष वेधण्यासाठी मारलेली ‘आई आई आई’ ही हाक, या सगळ्यांत पुनरावृत्ती आहे आणि तोतरेपणा कुठेच नाही. या बाबतीत एसएसआयची व्याख्या आपल्याला सोयीची आहे. पूर्ण शब्दांची किंवा वाक्यखंडांची ताणाविना झालेली पुनरावृत्ती, वाक्य मध्येच सोडून नव्याने जुळवणे आणि विचार करताना घेतलेला सहज विराम ती तोतरेपणात धरतच नाही. ध्वनी किंवा सिलॅबल पुन्हा पुन्हा येणे, ध्वनी ताणला जाणे आणि तोंड तयार असूनही आवाज न फुटणे, एवढेच ती मोजते. ‘मी’, ‘तो’, ‘मग’, ‘पण’ यांसारखा एका सिलॅबलचा शब्द ‘मी-मी-मी’ असा तुटक, घाईने किंवा ताणून आला तर मात्र तो धरला जातो.

मात्र इथे नवशिक्या सहकाऱ्यांचा एक गोंधळ होतो. इलिनॉय विद्यापीठातील एहुद यायरी आणि निकोलिन अ‍ॅम्ब्रोज यांच्या दीर्घकाळ चाललेल्या संशोधनातून आलेला, दर शंभर सिलॅबलमागे तीन किंवा अधिक ‘तोतरेपणासारख्या’ अडखळी हा निकष आपण शिकलेले असतो. त्या मोजणीत एका सिलॅबलच्या शब्दांची पुनरावृत्ती सरसकट धरली जाते, इथे ती ताण किंवा तुटकपणा असेल तरच धरली जाते. त्यामुळे एका पद्धतीने काढलेली टक्केवारी दुसऱ्या पद्धतीच्या तक्त्यात नेऊन बसवणे ही तराजू किलोचा आणि वजने पौंडांची असा प्रकार आहे. मूल तोतरे बोलते आहे की वयानुसार अडखळते आहे, हा निर्णय पहिल्या निकषाने करावा. बोलते तर किती, यासाठी एसएसआय वापरावे. शिवाय पालकांच्या तोंडी ‘बोबडे’ आणि ‘तोतरे’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ‘ताता’ म्हणून ‘काका’ला हाक मारणारे मूल बोबडे आहे आणि त्याला या साधनाची गरजच नाही. तेव्हा पेटी उघडण्याआधी दोन मिनिटे नुसते ऐकावे.

वाचता येणाऱ्या मुलांसाठी सोबत इंग्रजी उतारे दिलेले आहेत. मराठी माध्यमातल्या तिसरीच्या मुलापुढे ते ठेवण्यात अर्थ नाही. इंग्रजी माध्यमातले मूलही अनोळखी इंग्रजी शब्दाशी थबकते तेव्हा तो तोतरेपणा आहे की केवळ वाचनाची अडचण, हे सांगणे अवघड होते. मी बालभारतीच्या पुस्तकातला, मुलाच्या इयत्तेपेक्षा एक इयत्ता खालचा उतारा घेते. तिथेही जोडाक्षरापाशी थांबलेले मूल आणि अडकलेले मूल यांतला फरक कानापेक्षा डोळ्यांनी लवकर कळतो. पहिल्याचे डोळे अक्षरावर फिरत असतात आणि चेहरा सैल असतो, दुसऱ्याला शब्द कधीच वाचून झालेला असतो आणि ओठ किंवा गळा ताठ झालेला असतो. अर्थात असा उतारा वापरला की प्रकाशकांच्या मानकांशी तुलना काटेकोर राहत नाही, आणि ते अहवालात स्पष्टपणे लिहावे असे माझे मत आहे. मी श्रेणीपुढे नेहमी ‘मराठी नमुन्यावरून, अंदाजे’ असे लिहिते. त्यामुळे अहवाल थोडा कमी रुबाबदार दिसतो, त्याला इलाज नाही.

इथवरच्या अडचणी मेहनतीने सुटणाऱ्या आहेत. ज्या अडचणीपाशी हे साधन खरोखर अपुरे पडते ती मला बारा वर्षांच्या एका मुलीने दाखवली. ती सातवीत होती. दुसरीकडे झालेल्या तपासणीचा एका ओळीचा अहवाल तिच्या वडिलांच्या हातात होता, ‘तोतरेपणा अतिसौम्य, काळजी नसावी.’ मी पुन्हा मोजले. बोलण्यात एक टक्का, त्याचे दोन गुण. वाचनात दोन टक्के, त्याचे चार. अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या अडखळी, त्यांचे चार. शरीराची ओढाताण शून्य. बेरीज दहा. अतिसौम्यच. आधीच्या तपासणीत मोजण्याची चूक काहीच नव्हती.

मग मी तिला घरातल्यांबद्दल विचारले. ‘माझी मोठी बहीण कॉलेजला आहे,’ ती म्हणाली. पुढची दहा मिनिटे ती ‘मोठी बहीण’ असेच म्हणत राहिली. सांगली जिल्ह्यात कोणती मुलगी आपल्या बहिणीला बोलताना सतत ‘मोठी बहीण’ म्हणते? मी सहज विचारले, ‘घरी हाक काय मारतेस?’ ती गप्प झाली, खाली बघितले आणि म्हणाली, ‘हाक मारत नाही. जवळ जाऊन बोलते.’ तिचा ‘त’ अडकत असे. ‘ताई’ हा शब्द तिने दीड वर्षापूर्वी सोडून दिला होता. वर्गात हजेरीच्या वेळी ती खोकल्याचे निमित्त करून हात वर करी, आणि उत्तर येत असूनही ‘येत नाही’ म्हणून बसून राही. दीड वर्षात तिने एवढे शब्द टाळायला शिकले होते, की मोजायला फारसे काही उरलेच नव्हते. जितके टाळणे अधिक तितका आकडा चांगला, हा या पद्धतीतला मोठा धोका आहे.

चौथ्या आवृत्तीत मुलाने किंवा मोठ्या माणसाने स्वतःच्या अनुभवाबद्दल, टाळण्याबद्दल भरायचा एक तक्ता जोडला आहे हे खरे, पण त्याचा बेरजेशी संबंध नाही आणि घाईच्या दवाखान्यात तो सर्वांत आधी वगळला जातो. म्हणून शाळकरी मुलांसाठी मी स्कॉट यारस आणि रॉबर्ट क्वेसल यांचे ‘ओएसेस’ हे साधन जोडीला ठेवते. त्याची सात ते बारा वर्षांसाठीची वेगळी आवृत्ती आहे आणि त्यात तोतरेपणाचा शाळेवर, मैत्रीवर, घरातल्या बोलण्यावर काय परिणाम होतो हे मुलालाच विचारले जाते. त्या मुलीची एसएसआय श्रेणी अतिसौम्य असताना या प्रश्नांतून दिसलेला भार मुळीच सौम्य नव्हता. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘किडीकॅट’ ही प्रश्नावली आहे, बारा सोप्या प्रश्नांची आणि हो-नाही उत्तरांची. ‘तुला बोलायला कठीण जातं का?’ या अर्थाचा प्रश्न चार वर्षांच्या मुलाला विचारायला पालक कचरतात. मुलाला आपल्या अडखळण्याची जाणीवच नाही, आपण विचारून ती करून देऊ, अशी भीती त्यामागे असते. प्रत्यक्षात इतक्या लहान वयातही पुष्कळ मुलांना ती असते.

आणखी एक मर्यादा पालकांनी लक्षात ठेवावी. तोतरेपणा रोज एकसारखा नसतो. आठवडाभर बोलणे इतके मोकळे असते की भेट रद्द करावीशी वाटते, आणि पुढच्या आठवड्यात एकही वाक्य धड पुरे होत नाही. दवाखान्यात अनोळखी बाईंसमोर घेतलेला पंधरा मिनिटांचा नमुना हा त्या दिवसाचा असतो. म्हणून मी घरी मोबाइलवर केलेली दोन मुद्रणे मागते, एक खेळताना आणि एक जेवताना भांडताना. शिवाय ऑस्ट्रेलियातील लिडकम या उपचारपद्धतीत वापरतात तसा शून्य ते नऊ असा रोजचा अंदाज पालकांना वहीत लिहायला सांगते, शून्य म्हणजे अजिबात नाही आणि नऊ म्हणजे अत्यंत तीव्र. मिरजेच्या त्या मुलाच्या वहीत पहिल्या पंधरवड्यात दोनपासून सातपर्यंतचे सर्व आकडे होते. माझे ‘मध्यम’ त्या वहीच्या मध्यावर कुठेतरी पडत होते, इतकेच.

आजी, आईबाप सगळे शेवटी एकच विचारतात, ‘जाईल ना हे?’ त्याचे उत्तर एसएसआय देत नाही आणि कोणी त्यावरून देत असेल तर मानू नये. साधारण पाच टक्के मुलांच्या आयुष्यात कधी ना कधी तोतरेपणा येतो, बहुतेकांत तो दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांचा पुढे जातो. कोणाचा राहील याचा अदमास घेताना घराण्यात तोतरेपणा टिकून राहिलेला कोणी आहे का, मूल मुलगा आहे की मुलगी, सुरुवात साडेतीन वर्षांनंतर झाली का आणि सुरू होऊन वर्ष उलटले का, हे पाहावे लागते. सुरुवातीची तीव्रता त्यात फारशी मदत करत नाही. जोरात सुरू झालेला तोतरेपणा सहा महिन्यांत विरलेला मी पाहिला आहे आणि अठरा गुणांचा वर्षानुवर्षे रेंगाळलेलाही.

घ्यावे का, याचे माझे उत्तर असे. पुनर्वसन परिषदेकडे नोंद असलेल्या वाचा-उपचारतज्ज्ञाकडे हे साधन असायलाच हवे. उपचारापूर्वी आणि नंतर तुलना करायला, सहकाऱ्याशी एका भाषेत बोलायला याच्याइतके आटोपशीर दुसरे काही मला मिळालेले नाही. ‘टेस्ट ऑफ चाइल्डहुड स्टटरिंग’ चार ते बारा वर्षांसाठी अधिक सविस्तर आहे, पण त्यातल्या चित्रांची नावे आणि वाक्ये मराठीत नव्याने उभी करावी लागतात, तर एसएसआयला फक्त बोलणारे मूल लागते. विद्यार्थ्यांनी ते विकत घेण्याची घाई करू नये, आधी पन्नास मराठी नमुने नुसते कानाने मोजावेत. पालकांनी त्याची छायाप्रत मिळवून घरी गुण देत बसू नये. मात्र अहवाल हाती आल्यावर नमुना कोणत्या भाषेत घेतला, किती सिलॅबलचा होता आणि मुलाला स्वतःला काही विचारले का, हे तीन प्रश्न जरूर विचारावेत.

त्या मुलीचे एसएसआयचे गुण उपचार सुरू झाल्यावर चार महिन्यांनी दहावरून चौदावर गेले. श्रेणी अतिसौम्यची सौम्य झाली. कागदावर ही पीछेहाट दिसते आणि तिचे वडील तो कागद घेऊन काळजीने माझ्यासमोर बसले होते. बाहेरच्या बाकावरून तिचा आवाज आला, ‘त-त-ताई, पाण्याची बाटली तुझ्याकडे आहे का?’